सिक्युअर बूट चालू केलं आणि स्क्रीन काळी : मखमलाबादहून मदत हवी आहे

द्राक्षवेल | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं क्रमाने सांगते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारायला लागणार नाही.

आमची नाशिकजवळ मखमलाबादला द्राक्षाची बाग आहे. घरचा कॉम्प्युटर २०१८ मध्ये जुळवून घेतला : इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, बी ३६० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. एसएसडी मात्र आधीच्या मशीनमधली, विंडोज १० सकट तशीच उचलून इकडे लावलेली. दोन मॉनिटर लागतात म्हणून त्याच जुन्या मशीनचं ग्राफिक्स कार्डही यात बसवलंय. इतकी वर्षं कुरकुर न करता चाललं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून ११ टाकायचं ठरवलं. तपासणीच्या अ‍ॅपने सांगितलं की टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) दोन्ही बंद आहेत. व्हिडिओ बघत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, गेले. पीटीटी (इंटेलचं टीपीएम) चालू केलं, सीएसएम बंद केलं, सिक्युअर बूट चालू केलं, एफ १० दाबून सेव्ह केलं. तिन्ही एकाच बैठकीत.

तेव्हापासून स्क्रीनवर काहीही नाही. बटण दाबलं की पंखे फिरतात, कीबोर्डचा दिवा लागतो, मॉनिटर "नो सिग्नल" दाखवून झोपतो. डिलीट दाबत राहिले तरी बायोस दिसत नाही. एका दुकानात फोन केला तर मशीन न बघताच "मदरबोर्ड गेला असेल, घेऊन या, फॉरमॅटही मारावा लागेल" असं सांगितलं.

फॉरमॅट शब्द ऐकल्यापासून पोटात गोळा आहे. फवारणीचं सगळं रजिस्टर त्यात आहे. कुठल्या प्लॉटची छाटणी कधी झाली, छाटणीनंतर कितव्या दिवशी काय फवारलं, प्रमाण किती, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं. निर्यातीचा माल पाठवायचा तर ही नोंद लागतेच. गोडी (फळांसाठीची) छाटणी आत्ताच झाली, पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं) झालं, डोळे फुगायला लागलेत. डाऊनी रोगाचे दिवस तोंडावर आहेत. सासरे रोज संध्याकाळी विचारतात, "आज काय लिहिलंस?" आणि मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून ठेवतेय.

काय करू?

सिडकोकर | शनिवार, रात्री ९.५८

ताई, आधी डेटाची भीती मनातून काढा. बायोसमधली सेटिंग मदरबोर्डवर साठते, तुमच्या फाइली एसएसडीवर. एकीचा दुसरीला धक्का लागत नाही. फारच धास्ती वाटली तर एसएसडी काढून साटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, रजिस्टर दिसेल.

आणि फॉरमॅटने हे सुटणारच नाही. तुम्हाला बायोसचंच पान दिसत नाहीये. विंडोजची वेळ त्याच्या नंतर येते.

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०.०५

बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काढा, दहा मिनिटांनी परत लावा, सगळं मूळपदावर येईल. माझं असंच झालं होतं.

जुना कारागीर | शनिवार, रात्री १०.३१

थांबा. बॅटरी काढायची घाई नको.

बावीस वर्षं मी मदरबोर्ड दुरुस्त करतोय, अशोक स्तंभाजवळ बसतो. बॅटरी काढल्याने मशीन बहुतेक चालू होईलही, गोदाकाठ यांचं चूक नाही. पण ती काढली की सगळ्याच सेटिंग पुसल्या जातात आणि तीनपैकी नेमकं कशाने अडलं होतं ते कधीच कळत नाही. मग पुढच्या आठवड्यात विंडोज ११ साठी तुम्ही तेच तीन बदल परत करणार आणि परत काळोख.

ताई, आत्ता एवढंच करा. मशीन चालू करून मिनिटभर थांबा आणि कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का, ते बघून सांगा.

द्राक्षवेल | शनिवार, रात्री १०.४४

हो काका. लागतो आणि विझतो.

जुना कारागीर | शनिवार, रात्री ११.०२

मग तुमचा बोर्ड जिवंत आहे आणि प्रोसेसर काम करतोय. मेलेल्या बोर्डवर हा दिवा तुमचं बोट ऐकत नाही. बायोस आतमध्ये उभा आहे, फक्त तुम्हाला चित्र दिसत नाही.

आता कारण सांगतो. सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीचा आधार. त्याच्या जोरावर नवा यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) बोर्ड जुन्या काळची कार्डं आणि जुन्या पद्धतीच्या डिस्का चालवून घेतो. तो आधार काढला की ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये यूईएफआयला समजेल असा चित्र दाखवणारा प्रोग्रॅम लागतो, त्याला जीओपी म्हणतात. साधारण २०१२ च्या आधीच्या बऱ्याच कार्डांत तो नसतो. असं कार्ड विंडोज चालू झाल्यावर ड्रायव्हरच्या जोरावर चाललंही असतं, पण त्याआधीच्या पानांवर ते मुकं. काही बोर्ड असं कार्ड दिसलं की आपणहून सीएसएम परत चालू करतात. तुमचा करत नाही असं दिसतंय.

तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे ना? आय-फाइव्हच्या नंबराच्या शेवटी एफ अक्षर नसेल तर असतं. तर उद्या उजेडात हे करा : प्लग भिंतीतून काढा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, उरलीसुरली वीज निघून जाते. हात कॅबिनेटच्या पत्र्याला लावा. कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची पट्टी दाबा आणि कार्ड सरळ वर ओढा, वाकडं नाही. मग मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या स्वतःच्या पोर्टला लावा. बॅटरीला हात लावू नका.

गंगापूर रोड | शनिवार, रात्री ११.२०

विषय निघालाच आहे तर माझंही सांगतो. मी इंजिनिअरिंगला आहे. रॅमचा वेग वाढवायला एक्सएमपी चालू केलं आणि मशीन तीनदा चालू होऊन तीनदा बंद पडलं. चौथ्यांदा बोर्डवरचा डीरॅम लिहिलेला छोटा दिवा पेटून राहिला. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या कंपनीच्या होत्या, एकत्र त्या वेगाला चालत नव्हत्या. सीमॉसच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून सेटिंग पुसली आणि एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून सुरू केलं.

डीडीआर-५ वाल्यांनी मात्र लगेच पुसायला धावू नये. सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा बोर्ड रॅमची चाचणी घेत बसतो, त्यात कधी कधी काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. माझ्या मित्राने मध्येच बटण दाबून तीच चाचणी चार वेळा पहिल्यापासून सुरू केली.

द्राक्षवेल | रविवार, सकाळी ८.१५

काका!! दिसलं!!

कार्ड काढलं, केबल बोर्डच्या एचडीएमआयला लावली, बटण दाबलं आणि चार-पाच सेकंदांत कंपनीचं चिन्ह आलं. सासरे बागेतून येऊन दारातच उभे होते, म्हणाले "लागला का दिवा?" डोळ्यांत पाणी आलं खरंच.

पण विंडोज काही येत नाही. चिन्ह येतं आणि मशीन थेट बायोसच्या पानावर जाऊन बसतं. बाहेर पडले की परत तिथेच. साटाच्या, म्हणजे जोडलेल्या डिस्कच्या, यादीत माझी एसएसडी नावानिशी दिसते, साइझही बरोबर आहे. पण बूटच्या यादीत तिचं नावच नाही. एसएसडी गेली का?

जुना कारागीर | रविवार, सकाळी ८.५०

नाही गेली. गेली असती तर साटाच्या यादीतही दिसली नसती. दोन याद्यांतला हा फरक तुम्ही नीट बघितलात, निम्मं काम तिथेच झालं.

तुमच्याकडे एकावर एक दोन अडचणी बसल्या होत्या. पहिली कार्डाची, ती वरची. ती निघाली तेव्हा खालची दिसली. एसएसडी जुन्या मशीनमधून विंडोजसकट आणली म्हणालात, म्हणजे ती जुन्या पद्धतीने, एमबीआरने आखलेली असणार. तीवरून विंडोज चालू करायचं तर सीएसएम लागतं. यूईएफआय डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग शोधतो, त्याला ईएसपी म्हणतात, आणि त्यातून विंडोजला हाक मारतो. तुमच्या डिस्कवर तो विभागच नाही. म्हणून डिस्क दिसते, पण बूट करण्यासारखं तिच्यावर त्याला काही सापडत नाही.

आता आल्या पावली परत जा. आधी सिक्युअर बूट बंद करा, मग सीएसएम चालू करा. याच क्रमाने, कारण सिक्युअर बूट चालू असताना बरेच बोर्ड सीएसएमला हात लावू देत नाहीत. पीटीटी राहू द्या, त्याचा यात दोष नाही. आणि हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

द्राक्षवेल | रविवार, सकाळी ९.२२

विंडोज १० उघडलं. रजिस्टर उघडलं. शेवटची नोंद जशीच्या तशी आहे : दोन नंबरचा प्लॉट, पेस्टिंग.

पाठकोऱ्या पानावरच्या सगळ्या नोंदी आधी चढवते, मग बोलते.

नाशिकरोड डीटीपी | रविवार, सकाळी १०.४०

ताई, वाचून फार बरं वाटलं. लग्नपत्रिकांच्या हंगामात माझं मशीन असंच बसलं होतं, म्हणून लिहितो.

माझा बदल बायोसमधला नव्हता. कोणीतरी सांगितलं की विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये बूटच्या टॅबवर जाऊन मॅक्झिमम मेमरीच्या चौकटीत टिक केली की मशीन पळतं. पळत वगैरे नाही. तो पर्याय उलट विंडोजला सांगतो की एवढीच रॅम वापर, यापुढे जाऊ नको. चौकटीत भलताच छोटा आकडा पडला आणि विंडोज सुरू होतानाच मान टाकायला लागलं. प्रोसेसरच्या संख्येची चौकटही तशीच, तिला कोणी हात लावू नये. न लावता विंडोज सगळे कोअर वापरतंच.

सुटलं ते असं : विंडोज चालू होत असताना पॉवरचं बटण दाबून तीनदा बंद केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीचं निळं पान आपोआप येतं. तिथून कमांड प्रॉम्प्ट. बीसीडीएडिट या कमांडने ट्रंकेटमेमरी नावाची नोंद पुसली आणि मशीन दोन मिनिटांत चालू झालं. तोवर मी शाळेतल्या मित्राच्या मशीनवर बसून पत्रिका जुळवत होतो.

सिडकोकर | रविवार, सकाळी ११.०५

याच जातीचा आणखी एक प्रकार. बायोसमध्ये साटाचा (डिस्कशी बोलण्याचा) मोड एएचसीआयवरून रेडवर किंवा उलटा केला की विंडोज निळ्या पानावर "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणून थांबतं. घाबरू नका, मोड परत होता तसा केला की उघडतं. बदलायचाच असेल तर आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगायचं, मग बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोड एकदा उघडू द्यायचा, तेवढ्यात नवा ड्रायव्हर बसतो. मग सेफ मोडची सूचना काढून टाकायची.

रात्रपाळी | रविवार, दुपारी १.३०

लॅपटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. मी परिचारिका आहे. भावाने माझ्या लॅपटॉपमध्ये टीपीएमची काहीतरी सेटिंग बदलली आणि दुसऱ्या दिवशी निळ्या पानावर बिटलॉकरची किल्ली मागितली. ४८ आकडी. मला तर माहीतही नव्हतं की डिस्कला कुलूप आहे. बऱ्याच लॅपटॉपवर ते कंपनीतूनच चालू होऊन येतं.

नशिबाने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती किल्ली साठवलेली होती, मोबाइलवर लॉगिन करून मिळाली. पण त्या खात्याचा पासवर्ड आठवेपर्यंत आख्खा दिवस गेला आणि त्याच लॅपटॉपमध्ये बाबांचे सगळे रिपोर्ट होते. बायोसला हात लावायच्या आधी ती किल्ली काढून कागदावर लिहून कपाटात ठेवा. किल्ली हरवली तर दुरुस्तीवाला कितीही चांगला असू दे, डेटा काढू शकत नाही.

द्राक्षवेल | रविवार, दुपारी ३.१०

रात्रपाळी ताई, मी लगेच बघितलं, आमच्याकडे कुलूप नाही. पण दिराच्या लॅपटॉपला आहे! त्यांना सांगितलं.

काका, आता पुढे काय? विंडोज ११ करायचंच आहे. सगळं नव्याने टाकायला लागेल का?

जुना कारागीर | रविवार, दुपारी ४.००

नव्याने टाकायची गरज नाही. पण आधी सांगतो, घाई नाहीये. विंडोज १० साठी घरगुती वापराचे जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. डाऊनीचे पंधरा-वीस दिवस बागेला द्या. मशीन थांबेल, वेल थांबणार नाही.

करायचं असेल तेव्हा : विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचा प्रोग्रॅम आहे (जीपीटी म्हणजे डिस्क आखायची नवी पद्धत), विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून. डिस्क न पुसता तो आखणी बदलतो आणि लागणारा ईएसपी विभाग स्वतः तयार करतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचं, आधी फक्त व्हॅलिडेट चालवायचं, सोबत अलाऊ-फुल-ओएस जोडायचं. व्हॅलिडेट काही बदलत नाही, जमेल की नाही एवढंच सांगतं. ते पास झालं तरच कन्व्हर्ट. डिस्कचा नंबर डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघून घ्या, दोन डिस्क असतील तर चुकीची धरली जाऊ नये.

डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर. डिस्क पुसत नाही हे खरं, पण मध्येच वीज गेली तर काहीच खरं नाही. यूपीएसवर बसून करा.

द्राक्षवेल | बुधवार, रात्री ९.१५

काका, तुम्ही थांबा म्हणालात, पण दोन दिवस पाऊस आला आणि फवारणीही थांबली, म्हणून हातात घेतलं. रागावू नका.

व्हॅलिडेट पहिल्यांदा नापास. डिस्कची आखणी जुळत नाही म्हणाला.

जुना कारागीर | बुधवार, रात्री ९.४०

रागावत नाही, यूपीएस लावला असेल तर.

डिस्क मॅनेजमेंट उघडा. तुमचा डी ड्राइव्ह हिरव्या चौकटीत आहे का? जुन्या पद्धतीत सी, डी असे भाग पाडताना डी बहुतेकदा एक्स्टेंडेड विभागाच्या पोटात जायचा. हा प्रोग्रॅम एक्स्टेंडेड असलेली डिस्क घेत नाही. मुख्य विभागही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत.

द्राक्षवेल | बुधवार, रात्री ११.५०

हो, हिरव्याच चौकटीत होता. डी वरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. नुसतं कॉपी करून थांबले नाही, तिथून रजिस्टर उघडून गेल्या तीन वर्षांची पानं चाळून बघितली. मग डी काढून टाकला.

तरी नापास! अर्धा तास डोकं धरून बसले. मग लक्षात आलं, डी गेला पण हिरवी चौकट राहिली होती, आत "फ्री स्पेस" लिहिलेलं. तिच्यावर परत राइट क्लिक करून तीही काढली तेव्हा पट्टी काळी झाली, "अनअलोकेटेड". त्यानंतर व्हॅलिडेट पास. कन्व्हर्टला मिनिटही लागलं नाही.

मग बायोसमध्ये एका वेळी एकच बदल, तुम्ही शिकवलंत तसा. सीएसएम बंद केलं, सेव्ह केलं, बूटच्या यादीत पहिल्यांदाच "विंडोज बूट मॅनेजर" असं नाव दिसलं. विंडोज उघडलं. बंद करून परत आत गेले आणि सिक्युअर बूट चालू केलं. परत उघडलं. तपासणीच्या अ‍ॅपमध्ये सगळ्या खुणा हिरव्या. आता ११ उतरवून घेतंय, अठ्ठेचाळीस टक्के झालंय.

दोन्ही मॉनिटर बोर्डवरच चालले, एक एचडीएमआयला, एक व्हीजीएला. कार्डाची गरजच नव्हती.

गोदाकाठ | गुरुवार, सकाळी ७.३०

अभिनंदन ताई. आणि काका, बॅटरीबद्दल तुमचं म्हणणं पटलं. माझ्या मशीनला नक्की काय झालं होतं ते मला अजूनही माहीत नाही.

जुना कारागीर | गुरुवार, सकाळी ८.१०

दर थोड्या महिन्यांनी मशीनचं घड्याळ मागे पडतं का तुमचं? तारीख चुकून वेबसाइटी "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतात का? तसं असेल तर ती बॅटरीच संपत आली आहे, सीआर २०३२ नंबरची, ३ व्होल्टची. नवी टाका, अधिक चिन्हाची बाजू वर.

ताई, ११ झालं की डी परत आखून घ्या आणि बाहेरच्या डिस्कवरची प्रत आठवडाभर तरी पुसू नका.

द्राक्षवेल | गुरुवार, सकाळी ८.४०

झालं काका, रात्री एक वाजता. प्रत हंगाम संपेपर्यंत ठेवणार आहे. बायोसच्या पानांचे फोटो छापून कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत.

आज एक नंबरच्या प्लॉटची फवारणी आहे, छाटणीनंतरचा चौदावा दिवस. सासऱ्यांनी टाकी भरायला घेतली आहे, निघते.